कागदावरचा चुलता

भांडगाव, ता. दौंड
१६ जून २०२५

गिता,

ख्यालीखुशाली विचारायचं मन न्हाई, म्हणून सरळच लिहिती. काल तुझ्या दारात आले आन् जे पाहिलं ते डोळ्यांपुढून हालत न्हाई. माझा पाठचा भाऊ खाटंच्या पायाला बांधलेला! तेबी साडीनं! अगं, बैलाला तरी माणूस सावली बघून बांधतं. तात्याबाच्या घोट्यावर वळ उठल्यात, दाढी छातीला टेकलीय, आन् तू मेसवर लोकांच्या पोळ्या लाटायला गेलेली. मी हाक मारली तर म्हणतो, "हळू बोल आक्का, भिंतीत माणसं बसल्यात."

तू आल्यावर भांडायचं म्हणून दोन तास बसले. शेवटची गाडी चुकंल म्हणून उठावं लागलं. फोनवर भांडावं तर तुझा फोन तात्याबानं विहिरीत टाकलाय, आन् आमच्या घरातला एकुलता एक फोन ह्यांच्या खिशात असतो. म्हणून हा कागद.

दवाखाने काय कमी हायत का जगात? सरकारनं फुकट केल्यात. नवऱ्याला न्यायला तुला काय धाड भरली? का तुला बराच व्हायला नकोय तो? आई असती तर तिनं तुझं तोंड पाहिलं नसतं. माझ्या भावाच्या जिवाचं बरंवाईट झालं तर ध्यानात ठेव, मी नणंद हाय. मी सोडणार न्हाई.

सुषमा

-----

कोरेगाव भीमा, ता. शिरूर
२२ जून २०२५

वन्सं,

तुमचं पत्र मेसच्या पत्त्यावर मिळालं. पिठाच्या हातानं फोडलं, वाचलं, आन् परत कणीक मळायला बसले. तुम्हाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

व्हय, बांधते. साडीनं बांधते कारण दोरीनं कातडं सोलतं. न बांधता गेले होते एकदा. तवा नगर रोडच्या मधोमध उभे राहून ट्रकवाल्यांना सलाम ठोकत होते. कंपनीच्या गेटवर नऊ वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला सलाम केला, तेवढं एक डोक्यात राहिलंय. त्या दिवशी मी रोडवर बसून रडले, तेबी ऐका. तुमच्या भावाला मीच हाय, दुसरं कोण न्हाई.

आता दवाखान्याचं. शिरूरला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर फक्त बुधवारी बसत्यात. गेली दिवाळी झाल्यावर ह्यांना आवाज ऐकू यायला लागले आन् जयसिंग आबांनी कामावरून काढलं. तुम्हाला ठाऊक हाय, गेटवरची सगळी माणसं आबांच्याच लेबर कॉन्ट्रॅक्टवर. "वेडा माणूस गेटवर नको," एवढं बोलले आन् संपलं. पहिल्या बुधवारी एसटीत ह्यांनी कंडक्टरचं मशीन हिसकावलं, कारण त्यातून म्हणे कुणीतरी ह्यांचं नाव घेत होतं. शिक्रापुरातच उतरवलं आम्हाला. लोकांनी वाट करून दिली, अशी वाट नवरदेवाला पण देत न्हाईत. चालत परत आलो. दुसऱ्या बुधवारी धुरपदाकाकूंनी मेसवरून सुट्टी दिली न्हाई. तिसऱ्या बुधवारी पोचलो.

डॉक्टर चांगले हायत. गोळ्या दिल्या आन् पंधरा दिवसांत माणूस माझ्याबरोबर मेथी निवडायला बसला, वन्सं! मी देवापुढं साखर ठेवली. मग मनात आलं, पुढचा बुधवार जमला न्हाई तर काय? म्हणून गोळी एक दिवसाआड द्यायला लागले. तेल संपत आलं की आपण फोडणी आखडतो, तशी. बऱ्या झालेल्या माणसाला रोज कशाला, असंबी वाटलं. महिन्याभरात परत भिंतीत माणसं बसली. डॉक्टर म्हणाले, "बाई, औषध अर्धं दिलं आन् आजार पुरा वाढवला." माझी चूक. ती मी कुणावर ढकलत न्हाई.

मे महिन्यात त्यांनी सांगितलं की आता भरती करायला पाहिजे. पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी फुकट खाटा राखून ठेवल्यात, रेशन कार्ड आन् उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. गेले. ओळखीच्या टेम्पोतून, ह्यांचे हात धरून. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटर बघितला आन् म्हणाला, "तात्याबा ना? हे फेब्रुवारीत अठ्ठावीस दिवस इथं राहून, बरे होऊन गेल्यात. यांच्या नावावरची ह्या वर्षाची फुकट खाट वापरून झाली."

मी म्हणाले, "दादा, फेब्रुवारीत हे माझ्या घरात होते. आन् हे बघा, हे बरे दिसत्यात का तुम्हाला?" हे तवा खिडकीला सलाम करत होते. तो म्हणाला, "कागद खोटं बोलत न्हाई बाई." मी बायको हाय म्हणल्यावर सुट्टीच्या कार्डाची दुसरी प्रत मात्र छापून दिली. इंग्रजीत हाय. ट्रंकेत ठेवलीय. नावात नाव गेलं आसंल कुणाचं, असं समजून मी गप्प परत आले आन् दुसऱ्या दिवशी साडी घेऊन बांधलं.

आता सोडू नका मला. काय करायचं ते करा.

गिता

-----

भांडगाव
२९ जून २०२५

गिता बाळ,

रागानं लिहिलं, मनावर घेऊ नको. भावाची माया, दुसरं काय. तू किती सोसतीस ते आता कळलं. तुझ्यासाठी इथल्या बाजारातून खणाचं कापड घेऊन ठेवलंय, येताना आणती.

ते हॉस्पिटलचं डोक्यातून काढून टाक. कॉम्प्युटरची चूक आसंल. एका नावाची दहा माणसं असत्यात. तो कागद फाडून चुलीत घाल, घरात असले कागद ठेवू नयेत, त्यानं पीडा वाढती. तात्याबाला इकडं घेऊन ये. इथं नदीकडंला एक देवरुशी बसतो, त्याच्याकडं एकवीस दिवस बसवलं की भल्याभल्यांचं उतरतं. आपल्या माणसांना हेच लागू पडतं.

आन् एक सांगती, मोठ्या बहिणीसारखं. मालक लोकांच्या वाटंला जाऊ नको. मोठ्यांशी वैर घेऊन आपण राहायचं कुठं? ह्यांचं पण पोट त्यांच्याच कॉन्ट्रॅक्टवर हाय, आता कुठं सुपरवायझर झाल्यात. समजून घे.

तुझी आक्का,
सुषमा

-----

कोरेगाव भीमा
४ जुलै २०२५

वन्सं,

बारा वर्षांत पहिल्यांदा मला बाळ म्हणालात. तवाच समजले की कायतरी जळतंय.

माझं पत्र परत वाचा. त्यात हॉस्पिटलात घोटाळा झाला एवढं लिहिलं होतं. कोणत्या मालकानं केला, असं मी लिहिलं न्हवतं. मला ठाऊकच न्हवतं! मग तुम्ही मालकांच्या वाटंला जाऊ नको असं का लिहिलंत? चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात ते हेच.

ते कार्ड मी धुरपदाकाकूंच्या सुवर्णाकडून वाचून घेतलं. ती कॉलेजला हाय. मेसच्या ओट्यावर बसून तिनं एकेक ओळ मराठीत सांगितली. नाव तात्याबा. पत्ता आमचा. भरती दहा फेब्रुवारी, सुट्टी नऊ मार्च, तब्येत पूर्ण सुधारली. ओळखीची खूण, उजव्या कानामागं भाजल्याचा डाग.

तुमच्या भावाच्या कानामागं डाग हाय का? तुम्ही त्याला न्हाऊ घातलंय, तुम्हाला ठाऊक. तो डाग सगळ्या गावात एकाच्या कानामागं हाय, जयसिंग आबांच्या इंद्रजीतच्या. लहानपणी फटाक्यानं भाजलेला. फेब्रुवारीत तो बंगळूरला ट्रेनिंगला गेलाय असं आबा गावभर सांगत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! माझ्या नवऱ्याला झालं की वेड, आन् आबांच्या पोराला झालं की ट्रेनिंग.

खाली सोबतच्या नातेवाईकाची सही हाय. जयसिंगराव. नातं, चुलते.

सुवर्णानं ते वाचलं. मी तिला परत वाचायला लावलं. ज्या माणसानं माझ्या नवऱ्याला गेटवरून हाकललं, तो त्याच्या नावाखाली त्याचा चुलता होऊन सही करून आला. वीस एकर बागाईत, दारात दोन गाड्या, आन् पोराला गरिबाच्या खाटंवर झोपवलं, का तर खऱ्या नावानं न्यायची लाज वाटली. माझ्या नवऱ्याचं आजारपण हा माणूस उसनं घेऊन गेला, बरं करून आणलं, आन् मला साडीची गाठ मारायला ठेवलं.

आता तुमचं. गेटवर माणूस घेताना आधारची झेरॉक्स घेत्यात, ती आबांकडं आसंल. पर रेशन कार्ड माझ्या ट्रंकेत असतं. ते एकदाच घराबाहेर गेलं. संक्रांतीला वाण द्यायला आलात तवा तुम्ही नेलं, नाव तपासून आणते म्हणून, आन् आठ दिवसांनी दाजींच्या हाती परत पाठवलं.

खरं लिहा. खोटं लिहिणार असाल तर टपालाचं तिकीट वाया घालवू नका.

गिता

-----

भांडगाव
२० जुलै २०२५

गिता,

तीनदा लिहिलं आन् तीनदा फाडलं. आता लिहिती ते फाडायच्या आत पोस्टात टाकणार हाय.

आईची आण घेऊन सांगती, मला पहिल्यांदा ठाऊक न्हवतं. जानेवारीत हे घरी आले आन् म्हणाले, "आबांना तात्याबाची दया आलीय. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात घालणार हायत. रेशन कार्ड आण, दाखला मी काढतो, पर गिताला सांगू नको, ती भांडकुदळ हाय, मोडता घालंल." मला किती आनंद झाला, कसं सांगू. वाटलं, भाऊ बरा होऊन दारात उभा राहील आन् मग मी तुला टेचात सांगंन की हे माझ्यामुळं झालं. तुझ्यावर कुरघोडी करायची हौस होती मला, खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये ह्यांना विचारलं, तात्याबाला नेलं का? हे हसले आन् म्हणाले, "ज्याला न्यायचं त्याला नेलं. तू गप ऱ्हा." त्याच महिन्यात हे सुपरवायझर झाले, नवीन मोटरसायकल आली. मग मला कळलं. कळलं आन् मी गप बसले, गिता. पोरीचं बारावीचं वर्ष, ह्यांचं आत्ताशी बस्तान बसलेलं. दगडाखाली हात अडकला. पहिल्या पत्रात जो तमाशा केला तो तुझ्यावर न्हवता, माझं मन मला खात होतं.

तुला सूड पाहिजे ना? मी सांगते कसा घ्यायचा. वीस ऑगस्टला इंद्रजीतचा साखरपुडा हाय, दौंडच्या राजनंदिनीशी, हायवेवरच्या मोठ्या हॉलमध्ये. मुलीकडचे तालेवार हायत. भर मांडवात तो कागद फेक. आबांचं नाक असं कापलं जाईल की झेडपीला उभं राहायचं नाव काढणार न्हाईत. जाळ त्यांचं घर! मी आतून तुझ्या बाजूची हाय. फक्त ह्यांचं नाव घेऊ नको.

पापी नणंद,
सुषमा

-----

कोरेगाव भीमा
२ ऑगस्ट २०२५

वन्सं,

तुमचं पत्र वाचून चार दिवस अन्न गोड लागलं न्हाई. मग तुम्ही सांगितलेलंच करायचं ठरवलं होतं, खोटं सांगत न्हाई. मांडवात कोणती साडी नेसून जायचं तेबी ठरवलं होतं. ज्या साडीनं त्यांना बांधते तीच.

पर त्याआधी एकदा आबांना तोंडावर विचारायचं म्हणून भर दुपारी बंगल्यावर गेले. आबा जेवत होते. ओट्यावर इंद्रजीत एकटाच बसला होता. पोरगं सुजल्यासारखं दिसतं आता, हळू बोलतं. मला बघून उठला, स्वतः आत जाऊन पाणी आणलं आन् म्हणाला, "वहिनी, तात्या कसाय?"

मी म्हणाले, "कोणता तात्या? फेब्रुवारीतला का खरा?"

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "अठ्ठावीस दिवस मला तिथं तात्याबा म्हणायचे. सिस्टर हाक मारायच्या, तात्याबा, गोळी. मी ओ द्यायचो. पहिले आठ दिवस मला वाटलं, आजारानंच माझं नाव बदललंय. डोकं जाग्यावर आल्यावर कळलं की आबांनी बदललंय." मग इकडं तिकडं बघून म्हणाला, "मी आबांना विचारलं, मग खरा तात्या कुठं जाणार? आबा म्हणाले, त्या लोकांना सवय असती."

वन्सं, त्या लोकांना सवय असती! हे ऐकलं आन् माझ्या अंगाची लाही झाली. पर त्या पोराच्या हातातला तांब्या थरथरत होता. त्याच्या मांडवात कागद फेकून मी कुणाला मारणार होते? उद्या लोक त्यालापण वाट करून देतील, शिक्रापूरच्या स्टँडवर आम्हाला दिली तशी. तो सूड तुम्ही मला सुचवलात, कारण त्यात दाजींचं नाव आलं नसतं. तुमची हुशारी तुम्हालाच ठेवा.

आबा हात पुसत बाहेर आले. कार्डाची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. वाचली, घडी घातली, म्हणाले, "बोल, किती?"

मी डोक्यावरून पदर घेतला आन् वाकून पाया पडले. म्हणाले, "पैसे नकोत, मामंजी. सुनेनं चुलतसासऱ्याकडं पैसे मागू नयेत."

"काय बरळतीस?"

"तुम्ही सही केलीय. तुम्ही ह्यांचे चुलते. आता चुलत्यानं पुतण्याचं करायचं ते करा. तुमच्या पांढऱ्या गाडीतून पुण्याला न्या. ज्या चुलत्यानं आधी भरती केलं त्यानंच परत सही केली, आजार उलटलाय म्हणून सांगितलं, तर खाट मिळंल. मी विचारून आलेय. खाट न्हाईच मिळाली तर त्याच हॉस्पिटलात पैसे भरून ठेवा, चुलत्याला जड न्हाई. आन् घरी आणल्यावर दर महिन्याला एक बुधवार शिरूरला न्यायचं. ड्रायव्हर न्हाई पाठवायचा. तुम्ही यायचं, मनाच्या आजाराच्या बोर्डाखाली बाकावर बसायचं, नंबर आला की केसपेपर घेऊन आत जायचं."

आबा हसले. "आन् न्हाई आलो तर?"

"तर हा कागद हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांकडं जाईल, धर्मादाय ऑफिसात जाईल, आन् झेडपीला तुमच्यापुढं जो उभा राहील त्याच्या घरी जाईल. गरिबाची खाट खाल्ली म्हणून."

"माझं पोरगं उघडं पडंल, बाई."

"त्याचं नावच न्हाई कागदावर. तुम्हीच लपवलंय ना? लपलेलं राहू द्या. कागदावर एकच नाव खोटं दिसतं, चुलत्याचं."

तवा हसू गेलं. वन्सं, नऊ महिन्यांत मला एवढं बरं कवा वाटलं न्हवतं. सुवर्णा म्हणती, पोलिसात जा, केस कर. करू, पर केसच्या तारखांना माझ्या पोळ्या कोण लाटणार? ह्यांना तोवर कोण धरणार? केसला वर्षं लागतील आन् मला माणूस आता पाहिजे. कागद कुठं पळून जात न्हाई. तीन झेरॉक्स काढल्यात, कुठं ठेवल्यात ते माझं मला ठाऊक.

अठरा तारखेच्या सोमवारची मुदत दिलीय.

गिता

-----

भांडगाव
६ ऑगस्ट २०२५

गिता,

घाईत लिहिती. आबांनी ह्यांना बोलावून घेतलं होतं. रविवारी हे मला घेऊन तुझ्याकडं येणार हायत. नणंद-भावजयीचं गोड बोलून कागद काढून घ्यायचा, असं ठरलंय. न्हाई दिलास तर ह्यांची सुपरवायझरी जाणार.

मी तुझ्यापुढं पदर पसरंन. रडंन. आईची शपथ घालंन. हे शेजारीच उभे असतील, मला तसं करावंच लागंल. कितीबी रडले तरी देऊ नको.

सुषमा

-----

कोरेगाव भीमा
१० ऑक्टोबर २०२५

वन्सं,

दोन महिने लिहिलं न्हाई. हात रिकामा न्हवता आन् मनपण न्हवतं.

त्या रविवारी तुम्ही काय रडलात! मला वाटलं हे नाटक न्हाई, खरंच मागतायत. मग मी ट्रंक उघडली आन् दाजींच्या हातात कागद ठेवला. त्यांनी तिथंच माझ्या चुलीत घातला आन् मिशीवरून हात फिरवला. तुम्ही माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मीच तुमचा गळा कापला. झेरॉक्स होती, वन्सं. दाजींनी साधं उलटून पाहिलं न्हाई.

मंगळवारी मेसच्या मोबाईलवरून मी आबांना तेवढंच कळवलं. सोमवारी पांढरी गाडी दारात आली. आबा पुढं, आम्ही मागं. पुण्यात त्यांनी सही केली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "ओळखीची खूण?" मी म्हणाले, "डाग गेला. औषध चांगलं हाय तुमचं." आबांच्या कपाळावर घाम आला होता, एवढा एसी असून.

तेहतीस दिवस ठेवलं. बांधायची साडी मी धुऊन पिळून दांडीवर टाकली ती परत हातात घेतली न्हाई.

परवाचा बुधवार पहिला. शिरूरला दवाखान्यात बाक भरलेला होता. कुठं आई लेकीला धरून बसलेली, कुठं एक म्हातारा एकटाच स्वतःशी हसत. मधोमध जयसिंग आबा, पांढऱ्या कपड्यात, गुडघ्यावर केसपेपर. मी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणायची, "मामंजी, पाणी घ्या. मामंजी, आपला नंबर सतरावा." सोसायटीचे दोघं डायरेक्टर तिथून चालले होते. थांबून म्हणाले, "आबा, तुम्ही इथं?" मीच बोलले, "पुतण्याला घेऊन आल्यात. सख्ख्यागत करत्यात." तर त्यातल्या एकानं फोटोच काढला! म्हणाला, "आबा, केवढं मोठं मन तुमचं. ग्रुपवर टाकतो." आबा लगेच सावरून बसले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून. माझा तिळपापड झाला, वन्सं. ह्या माणसाला शेणात ढकललं तर शेणाचा पण हार करून घालतो.

पर आत डॉक्टर होते, जुन्यांच्या बदलीवर आलेले नवे, आमचं आधीचं कायच ठाऊक नसलेले.

त्यांनी पुण्याचे कागद उलगडले आन् आबांना विचारलं, "आधी फेब्रुवारीत तुम्हीच भरती केलं होतं ना? नऊ मार्चला पूर्ण सुधारून घरी. मग पाच महिन्यांत ह्या माणसाची अशी दशा कशी झाली? गोळ्या कुणी बंद केल्या?" आबा खुर्चीत सरकून बसले. "तुमच्याशी बोलतोय मी. चुलते ना तुम्ही? एवढा शिकलेला, सधन माणूस, आन् पुतण्याला औषधाविना ठेवलंत?" दार उघडं होतं. बाकावरची सगळी ऐकत होती, तो फोटोवाला पण. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. शेवटी हळू म्हणाले, "चूक झाली माझी." डॉक्टर म्हणाले, "मोठ्यानं बोला, चूक झाली तर काय केलंत ते सांगा, मला लिहायचंय." आन् त्यांनी ते लिहून घेतलं, नातेवाईकांच्या हलगर्जीपणामुळं.

मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "वेळेत उपचार चालू राहिले असते तर हा माणूस आज कामावर असता. आता हाताची थरथर राहील. आवाज कमी होतील, पर पहिल्यासारखं काम, पहिल्यासारखं ध्यान, ते मी सांगू शकत न्हाई." आबांनी विचारलं, "हे असं कवापर्यंत यावं लागंल?" डॉक्टर म्हणाले, "जन्मभर."

मी पदर तोंडात धरून हसले, वन्सं. आबांचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. जन्मठेप ऐकल्यावर माणूस असाच दिसत आसंल. हसत हसतच बाहेर आले, बाकावर ह्यांच्याशेजारी बसले, ह्यांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. तवा उमगलं की डॉक्टर आबांचं सांगत न्हवते.

तुमचं राहिलं. दाजींना कामावरून काढू नका, असं मीच आबांना सांगितलंय. राहू दे सुपरवायझरी. त्या पगाराचा घास तुम्ही रोज गिळा आन् गिळताना भाऊ आठवा. आन् बारा नोव्हेंबरच्या बुधवारपास्नं तुम्ही पण यायचं. चौफुल्यावरून न्हावऱ्याची गाडी धरायची, दिवस मोडायचा, बाकावर आबांच्या बाजूला बसायचं. बुधवार गाठणं म्हंजी काय, ते तुम्हाला कळू दे. लांबून भाऊ भाऊ करू नका.

काल संध्याकाळी मी भाकरी थापत होते आन् हे चुलीजवळ शेंगा सोलत बसले होते. दोन सोलत्यात, एक खाली पडती. मधीच म्हणाले, "गिते, ते म्हातारे गृहस्थ कोण गं आपले? गाडीतून नेत्यात ते?"

ज्याच्या कॉन्ट्रॅक्टवर नऊ वर्षं सलाम ठोकला, त्याला वळखलं न्हाई त्यांनी. मी म्हणाले, "चुलते."

"आपल्याला चुलता हाय व्हय? मला कुणी सांगितलंच न्हाई." बरं वाटलं त्यांना. तोंडभर हसले, दिवाळीनंतर पहिल्यांदा. "चांगला माणूस दिसतो. बिचारा दिवसभर उपाशी बसला आपल्यासाठी. पुढच्या बुधवारी त्यांच्यासाठी पण दोन भाकरी बांध."

मी तव्यावरची भाकरी उलटली आन् व्हय म्हणाले. बांधणार न्हाई.

गिता